सावली मोजायला शिकवा

पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर पाऊल टाकायची बंदी होती. कारण काय? तर या वेळी सूर्य खाली असतो, माणसाची सावली लांब पडते आणि ती कुणा उच्चवर्णीयाच्या अंगावर पडली तर तो विटाळतो! गो. स. घुर्ये यांनी १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ही नोंद दिली आहे. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितला, तो आपल्या घराघरांत माहीत आहे. सावलीचे हे वेळापत्रक मात्र मुलांना फारसे कुणी सांगत नाही.

कल्याणच्या आमच्या विहारात रविवारी सकाळी चौथी ते आठवीची मुले जमतात. त्यांना आम्ही ही गोष्ट सांगतो आणि लगेच हातात एक मीटर लांबीची काठी देतो. म्हणतो, चला, नऊ वाजता सावली खरेच किती लांब पडते ते बघू.

काठी अंगणात सरळ उभी करायची. ओळंबा हवा, तो गवंडीकाम करणाऱ्या कुणाच्याही घरी मिळतो. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाला खडूने खूण करायची आणि लांबी वहीत लिहायची. एवढेच. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात हे केले तर सूर्याच्या नऊच्या वेळेला एक मीटर काठीची सावली एक मीटर ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली दहा फूट! मुले तोंडात बोट घालतात. मग एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, नऊ वाजून पाच मिनिटांनी ती काय एकदम आखूड होते का?" होत नाही. खडूच्या खुणा बघा, सावली हळूहळू आटत जाते, कुठेही उडी मारत नाही. नऊ आणि तीन या रेघा सूर्याने आखलेल्या नाहीत, त्या माणसांनी आखल्या. हे मुलांना भाषण देऊन सांगावे लागत नाही. वहीतले आकडे सांगतात.

'सूर्याची वेळ' हा शब्द मुद्दाम वापरला. मुलांना वाटते दुपारी बरोबर बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. पुस्तकातही तसेच चित्र असते. पण खडूच्या खुणांत सर्वांत आखूड सावली शोधा, ती बाराला कधीच सापडणार नाही. कल्याण-डोंबिवलीत ती ऋतुमानाप्रमाणे बारा वाजून वीस मिनिटे ते बारा वाजून बावन्न मिनिटे या दरम्यान पडते. आपली घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताप्रमाणे लावलेली असतात. आपण त्याच्या पश्चिमेला नऊ अंशांहून जास्त आहोत, आणि एक अंश म्हणजे चार मिनिटे. म्हणून सूर्य आपल्याकडे सरासरी सदतीस मिनिटे उशिरा माथ्याशी येतो. मुंबईत १९५५ पर्यंत भारतीय प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली स्वतंत्र 'मुंबई वेळ' चालत होती. घरात ऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर विचारून बघा.

मे महिन्यात या काठीची खरी गंमत असते. १६ मेच्या आसपास ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात साडेबारा वाजून गेल्यावर चार-पाच मिनिटांनी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच नाहीशी होते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्यानंतर जुलै संपेपर्यंत दुपारची सावली उत्तरेला नव्हे, दक्षिणेला पडते. २१ जूनला जेमतेम सात सेंटिमीटर, पण दक्षिणेला. जुलैच्या शेवटी शून्य सावली पुन्हा येते, तेव्हा ढग ती बघू देत नाहीत. मेमध्ये मुले सुटीला गावी गेलेली असतात ही अडचण नाही, सोयच आहे. कोल्हापूरकडे गेलेल्याला शून्य सावली मेच्या पहिल्या आठवड्यात मिळेल, औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरकडे १९ मेच्या सुमारास आणि नागपूरला २६ मेच्या सुमारास. जून उजाडला की सगळ्यांच्या वह्या एकत्र ठेवायच्या आणि विचारायचे, एकच सूर्य, एकच काठी, मग तारखा वेगळ्या का?

इथे पृथ्वीचा गोलपणा आपोआप हाताशी येतो. आणि तो असा हाती यायला हवा. "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य तिसरीतले पोरही घोकून दाखवते. पण त्याला म्हणा, चित्र काढ आणि त्यावर आपली चाळ दाखव. आमच्याकडे एकाने गोल काढला आणि चाळ गोलाच्या आत, तळाशी असलेल्या सपाट जमिनीवर काढली. दुसऱ्याने दोन पृथ्व्या काढल्या, एक पुस्तकातली गोल आणि एक पायाखालची सपाट. आम्हाला आधी वाटले, आपल्या वस्तीतल्या मुलांचे शिक्षण कच्चे म्हणून असे होते. तसे अजिबात नाही. व्होस्नियाडू आणि ब्रूअर या संशोधकांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात साठ शाळकरी मुलांना असेच प्रश्न विचारले होते. त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या मुलांनीही पोकळ गोलाच्या आत राहणारी माणसे काढली, दोन दोन पृथ्व्या काढल्या. डोळ्यांना दिसते सपाट, मोठी माणसे सांगतात गोल. मूल दोघांनाही खोटे पाडत नाही, दोन्ही जुळवून घेते. तेव्हा चुकीच्या चित्रावर फुली मारू नका. ते मूल डोके चालवत आहे.

या कामासाठी लांब जायला नको. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ते १९७४ साली सुरू केले. तिथे शमीन पडळकर आणि जयश्री रामदास यांनी महाराष्ट्रातल्या ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टीतल्या मुलांबरोबर खगोलशास्त्राच्या शिकवण्यावर काम केले. त्यांचा भर आकृत्यांवर, हातवाऱ्यांवर आणि अंगाच्या हालचालींवर होता. त्यावरून सुचलेला एक खेळ आम्ही घेतो. अंधाऱ्या खोलीत मधोमध दिवा, हा सूर्य. मुलाने उभे राहायचे, त्याचे डोके ही पृथ्वी, नाकाचा शेंडा हे कल्याण. आता हळूहळू डावीकडे वळत गिरकी घ्यायची. दिवा डाव्या हाताकडून दिसू लागतो, ही पूर्व. नाकासमोर आला की दुपार. उजव्या हाताकडे जाऊन दिसेनासा झाला की सूर्य मावळला. दिवा जागचा हलला का? नाही. मग रोज सकाळी कोण उगवते?

या मुलांना 'परिवलन' आणि 'परिभ्रमण' हे दोन शब्द विचारा, दोन्हींची अदलाबदल ठरलेली. 'गिरकी' आणि 'फेरी' म्हणा, एकही मूल चुकत नाही. आधी गिरकी शिकवा, परीक्षेपुरते परिवलन नंतर. हे आमचे डोके नव्हे. प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होमी भाभा केंद्रात हे फार पूर्वी तपासून पाहिले. विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांची समज वाढते, असे त्यांना आढळले. याच केंद्राने १९८० च्या दशकात मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलामुलींना निवडून त्यांच्याबरोबर काही वर्षे नेटाने काम केले आणि त्या मुलांचे शालान्त परीक्षेचे निकाल सुधारले. ज्यांना 'यांच्यात गुणवत्ताच नसते' म्हणायची सवय आहे त्यांनी तो प्रयोग वाचावा. आपणही वाचावा, कारण आपल्यातलेही काही जण पोराला मारताना हेच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलतात.

आता ग्रहणाचे. इथे थोडे थांबले पाहिजे.

आज साठी-सत्तरीत असलेल्या वाचकांनी आपल्या आजीच्या तोंडून "दे दान, सुटे गिरान" ही हाळी ऐकली असेल. ग्रहण लागले की महार-मांगांनी टोपल्या घेऊन गावात फिरायचे, ही हाळी द्यायची आणि लोकांनी जुने कपडे, शिळेपाके, मूठभर धान्य घालायचे. का? तर चंद्र-सूर्याला ग्रासणारे राहू-केतू म्हणे आपल्या जातीचे! त्यांचा स्पर्श झाला म्हणून आकाशातल्या देवाला विटाळ झाला, तो सुटावा म्हणून खाली आपल्याला भीक. जमिनीवरच्या सावलीचा विटाळ कमी पडला म्हणून ही सावली आभाळापर्यंत नेली. १९५६ नंतर आपल्या लोकांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, तशी ही टोपलीही टाकली. ज्या घरांनी ती टाकली त्यांना ग्रहण म्हणजे काय हे शाळेत कुणी समजावले नव्हते. बाबासाहेबांनी सांगितले तेवढे पुरले.

आणि ज्ञान तर होतेच. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवले की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला झाकते. दीड हजार वर्षे ते पोथीत राहिले आणि गावकुसाबाहेर टोपली फिरत राहिली.

आज टोपली नाही, पण ग्रहणात गरोदर सुनेला खाटेवर निजवून ठेवणे, विळी-सुरी लपवणे, पाण्यात तुळशीपत्र टाकणे आपल्या घरांतून पुरते गेले आहे का? छातीवर हात ठेवून सांगावे. टीव्हीवर ग्रहणाआधी चार दिवस राशीभविष्य सुरू होते आणि घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आपण ते बघतो. ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की ग्रहण हा सावल्यांचा खेळ आहे, त्याला भिऊ नका. पंचांग करणारा माणूस हे सांगतो आणि बावीस प्रतिज्ञा घेतलेले आपण चाकू लपवतो, याला काय म्हणावे?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झाले. रात्री अकरापासून सव्वाबाराच्या पुढेपर्यंत चंद्र पूर्ण ग्रासलेला होता. हे ग्रहण नुसत्या डोळ्यांनी बघता येते, त्याला काहीही लागत नाही. आमच्याकडे काही मुले गच्चीवर जागली. ढगाने बराच वेळ निराशा केली. पण मधल्या फटीत जो चंद्र दिसला तो काळा नव्हता, तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा लालसर होता. पृथ्वीच्या हवेतून वाकून गेलेला लाल प्रकाश तिथे पोचतो म्हणून. एकाने विचारले, चंद्रावर आत्ता कुणी उभा असेल तर त्याला काय दिसेल? त्याला सूर्यग्रहण दिसेल, आणि सूर्याला झाकणारी पृथ्वी असेल. त्या सावलीत आपणही आहोत, आपल्याला भाकरी देणारा आणि न देणारा, दोघेही.

सूर्यग्रहणाबाबत मात्र काळजी घ्या, आणि ती विटाळाची नाही, डोळ्यांची आहे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही चालत नाही. प्रमाणित ग्रहण-चष्मा हवा. तो नसेल तर सूर्याकडे पाठ करून पिठाची चाळणी उन्हात धरा. भोकाभोकातून जमिनीवर सूर्याच्या शेकडो कोरी पडतात. झाडाखालीही तेच दिसते. २ ऑगस्ट २०२७ च्या दुपारनंतर आपल्याकडून खंडग्रास ग्रहण आहे. भर पावसाळा आहे, तरी चाळणी तयार ठेवावी.

पौर्णिमेची उपासना आपल्या विहारांत होते, त्यामुळे चंद्राचा अभ्यास आपल्याकडे आयता सुरू झालेला आहे, फक्त वर बघायचे राहते. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. संध्याकाळी कामावरून सुटून डोंबिवलीच्या पुलावर उभ्या असलेल्या आईला तो खाडीच्या उलट्या बाजूला, डोंगरांकडे वर येताना दिसेल. बुद्ध पौर्णिमेला चंद्र विशाखा नक्षत्राच्या आसपास असतो, म्हणून महिन्याचे नाव वैशाख. मुलांना एक कोडे घालावे: १४ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी दीक्षाभूमीवर जमलेल्या लाखोंच्या डोक्यावर चंद्र कसा होता? उत्तर कॅलेंडरात आहे. अशोक विजयादशमी म्हणजे शुद्ध दशमी, अर्ध्याहून मोठा, पौर्णिमेला पाच दिवस कमी.

आणि चंद्र आपल्या घरात पाणीही आणतो. खाडीकाठच्या, वालधुनीकाठच्या वस्त्यांना हे सांगायला नको. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आगेमागे उधाणाची भरती येते, अष्टमीच्या सुमारास भांगाची. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूरवरून कल्याणला खाडीला भेटते. घाटात धो-धो पाऊस झाला आणि त्याच वेळी खाली भरती असली तर नदीच्या पाण्याला वाट उरत नाही, ते वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारीही समुद्राला मोठी भरती होती. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली. सहावी-सातवीच्या मुलाला तिथी, भरतीची वेळ आणि पावसाचा अंदाज एकत्र वाचता आला तर कपाटातली कागदपत्रे माळ्यावर कधी ठेवायची हे तो घराला सांगू शकतो. रेशनकार्ड आणि जातीचा दाखला भिजल्यावर काय वणवण होते ते आपल्याइतके कुणाला ठाऊक?

दुर्बीण नाही ही सबब चालत नाही. डोंबिवलीच्या उजेडातही चंद्र, शुक्र, गुरू आणि हिवाळ्यात मृग नक्षत्र स्पष्ट दिसते. मृगातले तीन तारे ओळीने असतात, गावाकडे त्यांना तिकांडे म्हणतात. ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात, दिशा शोधायला याहून सोपी खूण नाही. सप्तर्षींना म्हातारीचे खाटले म्हणणारी आजी घरात असेल तर तिला वर्गात बसवा. ती मास्तरपेक्षा बरी शिकवते असा अनुभव आहे. पुढची आवड असलेल्यांसाठी कल्याणचे आकाशमित्र मंडळ आहे, मुंबईचे खगोल मंडळ आहे. खगोल मंडळाचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शन प्रसिद्ध आहे. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ पासून आहे. अशा ठिकाणी आपली मुले थोडी बुजतात, हे खरे. दोन-तीन मुले बरोबर गेली की बुजत नाहीत.

मुलांना मेघनाद साहांची गोष्टही सांगावी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या छोट्या दुकानदाराचा, खालच्या मानल्या गेलेल्या जातीचा मुलगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना जातीमुळे वेगळे वागवले गेले. त्यांनीच १९२० साली ते समीकरण मांडले, ज्यावरून ताऱ्याच्या प्रकाशातून त्याचे तापमान काढता येते. पंचांगे सुधारण्यासाठी सरकारने १९५२ साली समिती नेमली तिचे अध्यक्षही साहाच होते. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेले राष्ट्रीय सौर कॅलेंडर त्या समितीचे. पंचांगावर कुणाची मक्तेदारी, असे कुणी म्हणाले तर हे नाव सांगावे. रोहित वेमुलालाही कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. २०१६ च्या जानेवारीत ते राहून गेले. मोठ्या मुलांना हेही सांगतो, लहानांना नाही.

आकाशाचे झाले, आता पायाखालचे. आपल्याकडे कितीतरी आज्यांनी खडी फोडली आहे. तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेला लाव्हा थिजून झालेला. मलंगगड, मुंब्र्याचा डोंगर, पारसिक, सह्याद्री, सगळे त्याचेच थर. बांधकामावरच्या खडीच्या ढिगातून मूठभर आणा, रुळांवर मुळीच जाऊ नका. काही तुकड्यांत बारीक छिद्रे दिसतील. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे तिथे अडकले होते.

एक सहल काढाच. जवळ हवी तर भिवंडी तालुक्यातल्या लोणाडची लेणी, दिवसभराची हवी तर बोरिवलीची कान्हेरी. कान्हेरीचा दगड साध्या बेसॉल्टसारखा नाही, ज्वालामुखीच्या उद्रेकात फुटलेले तुकडे एकमेकांत घट्ट बसून तो झाला आहे. मुलांना भिंतीजवळ नेऊन ते तुकडे बोटाने दाखवायचे. इथल्या शिलालेखांत कल्याणच्या माणसांची दाने आहेत. त्यात एक सोनार आहे, सामिदत्त नावाचा. त्याने भिक्खूंसाठी पाण्याची पोढी, म्हणजे टाकी खोदून दिली. राजाने नव्हे, कल्याणच्या कारागिराने. कान्हेरीला अशा टाक्या जागोजागी आहेत. पाऊस वरच्या कातळावर पडतो, कोरलेल्या पन्हळींतून खाली येतो आणि टाकीत साठतो. तिथे जवळपास सावलीत बसून डबे उघडायचे आणि पोरांना प्रश्न टाकायचा: पाझर फुटू नये म्हणून टाकी कुठे खोदायची हे त्या पाथरवटाने दगड बघून कसे ठरवले असेल? दोन तास तरी भांडण चालते.